बोंड फोडल्यावर दिसणारी गुलाबी अळी आत शिरते कशी? सगळा खेळ पतंगाच्या अंड्यांचा आहे

दिवाळीच्या आसपास इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ तुम्हीही कधी ना कधी पाहिला असेल. कापसाच्या शेतात उभा असलेला शेतकरी झाडावरचं हिरवंगार, बाहेरून अगदी निरोगी दिसणारं बोंड तोडतो. अंगठ्यानं दाबून फोडतो. आत रुईऐवजी पिवळट लगदा आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. मग दुसरं बोंड, तिसरं बोंड. सगळीकडे तेच.

व्हिडिओखाली ठरलेली एक कमेंट असते. 'एवढं होईपर्यंत काय करत होते? वेळेवर फवारणी करायला काय झालं होतं?'

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर साधं नाही. अळी दिसते तेव्हा फवारणीची वेळ निघून गेलेली असते. कारण त्या बोंडाचं काय होणार, हे अळीनं ठरवलेलंच नसतं. ते ठरवते तिची आई, म्हणजे मादी पतंग, आणि तेही काही दिवस आधी, रात्रीच्या अंधारात. अंडं कुठे घालायचं हा तिचा निर्णय. तिथून पुढे शेतकऱ्याच्या हातात फार थोडा वेळ उरतो.

महाराष्ट्रात साधारण ४० लाख हेक्टरवर कापूस घेतला जातो. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या लाखो घरांचं वर्षाचं गणित या पिकावर चालतं. म्हणून अर्ध्या मिलिमीटरचं एक अंडं कुठे घातलं जातं, हा फक्त जीवशास्त्राच्या पुस्तकातला प्रश्न राहत नाही. हा प्रकार नेमका काय आहे, सोप्या भाषेत समजून घेऊया.

पतंगाला निवड का करावी लागते?

बहुतेक किडींमध्ये नुकसान करते ती अळी. पतंग झाला की तो फार तर फुलातला मध पितो, पीक खात नाही. पण अंड्यातून बाहेर आलेली अळी इतकी छोटी असते की तिला लांब चालत जाऊन अन्न शोधणं शक्य नसतं. ऊन, मुंग्या, कोळी, पाऊस यातलं काहीही तिला काही तासांत संपवू शकतं.

त्यामुळे आईनं अंडं चुकीच्या झाडावर किंवा चुकीच्या भागावर घातलं तर बाळ मेलंच समजा. ज्या माद्यांची निवड बरोबर ठरली त्यांची पिल्लं जगली आणि तीच सवय पुढच्या पिढीत गेली. हजारो पिढ्या हे होत राहिलं. १९७० च्या दशकात जीवशास्त्रज्ञांनी यावरून एक सिद्धांत मांडला. त्याचा सारांश असा की, ज्या झाडावर पिल्लं सगळ्यात चांगली वाढतील तेच झाड मादी अंडी घालायला निवडते.

पण हा सिद्धांत प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. पतंगही चुकतात, कधी कधी भलत्याच झाडाला भुलतात. ही चूक शेतकऱ्याच्या कामाची आहे, पण त्याबद्दल पुढे.

अंधारात झाड ओळखायचं कसं?

मादी ही निवड टप्प्याटप्प्यानं करते.

पहिला टप्पा वासाचा. प्रत्येक झाड हवेत सतत काही ना काही रसायनं सोडत असतं. गवत कापल्यावर येणारा वास आठवा, तो याच प्रकारातला. कापसाचा वास वेगळा, तुरीचा वेगळा. त्यातही नुसत्या पानांवर असलेल्या कापसाचा वास आणि पात्या-फुलांवर आलेल्या कापसाचा वास सारखा नसतो. मादीच्या डोक्यावरच्या दोन मिशांवर अगदी बारीक केसांसारखी इंद्रियं असतात. ती हा वास पकडतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं ती झाडाकडे येते.

दुसरा टप्पा नजरेचा. जवळ आल्यावर रंग, आकार आणि उंची कामाला येतात.

तिसरा टप्पा चवीचा. झाडावर बसली की मादी पायांनी चव घेते. हो, पायांनीच. पतंग आणि फुलपाखरांच्या पायांवर चव ओळखणारी इंद्रियं असतात. पोटाच्या टोकाशी असलेल्या, अंडी घालण्याच्या अवयवानंही ती पृष्ठभाग चाचपते. पान गुळगुळीत आहे की लवदार, कोवळं आहे की जून, हे तिला तिथे कळतं. नाही पटलं तर ती उडून जाते.

काही किडींची पुढची पायरीही असते. इथे आधीच कोणी बसलंय का, हे त्या बघतात. अळ्यांनी कुरतडलेल्या झाडाचा वास बदलतो. काही जातींच्या माद्या तो वास आला की त्या झाडापासून लांब राहतात, कारण तिथे अन्नाला वाटेकरी आहेत. शिवाय तोच वास अळ्यांच्या शत्रूंना, म्हणजे परजीवी माश्यांना, बोलावून आणतो.

सगळ्या किडींची आवड मात्र सारखी नसते. हरभरा, तूर आणि टोमॅटोवर येणारी घाटेअळी अनेक पिकांवर जगू शकते. तिची मादी फुलोऱ्यात आलेल्या पिकाकडे जास्त ओढली जाते आणि कोवळ्या शेंड्यांवर, कळ्या-फुलांवर एकेक अंडं सुटं घालते. २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा सापडलेली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी उलट वागते. तिची मादी एकाच ठिकाणी शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगावरच्या खवल्यांचं पांघरूण घालते.

आणि गुलाबी बोंडअळी? तिला कापूस सोडून दुसरं फारसं काही चालत नाही. हीच तिची ताकद आहे आणि कमजोरीही.

गुलाबी बोंडअळीचा हिशोब

ही कीड आपल्याकडे नवी नाही. शास्त्राच्या नोंदीत ती पहिल्यांदा आली १८४० च्या दशकात, आणि तो नमुना गेला होता गुजरातच्या भरूचमधून. म्हणजे कापूस आणि ही अळी यांची ओळख फार जुनी आहे.

हिचा पतंग राखाडी-तपकिरी आणि इतका छोटा की दिवसा शेतातून फिरताना लक्षातही येत नाही. तो मातीच्या भेगांत, पालापाचोळ्याखाली लपून असतो. मिलन आणि अंडी घालणं ही कामं रात्रीची. एक मादी साधारण शंभर ते दोनशे अंडी घालते. ती सगळी एका जागी नसतात. सुटी किंवा चार-पाचाच्या छोट्या गटात ती वेगवेगळ्या ठिकाणी लपवलेली असतात.

जागा कोणती, हे पिकाच्या वयावर ठरतं.

हंगामाच्या सुरुवातीला झाडावर बोंडं नसतात. तेव्हा मादी कोवळे शेंडे, पानांचे बेचके आणि पात्यांवर अंडी घालते. पाती म्हणजे कापसाची कळी. अळी पातीत शिरते आणि आतून पाकळ्या रेशमासारख्या धाग्यानं बांधून टाकते. फूल उमलतच नाही, गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखं दिसतं. याला आपल्याकडचे शेतकरी 'डोमकळी' म्हणतात. शेतात डोमकळी दिसणं हा पहिला इशारा आहे.

बोंडं धरली की मादीची पसंती बदलते. आता तिला हवं असतं साधारण दोन-तीन आठवड्यांचं हिरवं बोंड. याचं कारण सोपं आहे. या वयाच्या बोंडाची साल अजून मऊ असते, अळी ती पोखरू शकते. आतली सरकीही भरत असते आणि अळीचं खरं जेवण म्हणजे ही सरकी. बोंड जून झालं की साल कडक होते, अळीला आत शिरणं अवघड जातं.

मादी अंडं घालते तेही बोंडाच्या उघड्या भागावर नाही. बोंडाच्या बुडाशी हिरव्या पानांसारखी झालर असते ना, तिच्या आतल्या फटीत. तिथे ऊन लागत नाही, पाऊस पोहोचत नाही आणि फवारणीचे थेंबही सहज पोहोचत नाहीत.

तीन ते सहा दिवसांत अंडं फुटतं. बाहेर आलेली अळी पांढुरकी, काळपट डोक्याची आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी असते. ती झालरीतून निघते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. आत जायचं छिद्र इतकं बारीक असतं की ते काही दिवसांत बुजून जातं. बाहेरून बोंड पुन्हा निरोगी.

अळी गुलाबी होते ती शेवटच्या अवस्थांमध्ये. म्हणजे व्हिडिओत आपल्याला जी अळी दिसते, तिचं जेवण बहुतेक उरकलेलं असतं. सरकी खाल्लेली असते, रुई डागाळलेली असते. असं बोंड नीट फुटत नाही. निघतो तो पिवळा पडलेला, चिकटलेला कवडी कापूस. त्याला भाव मिळत नाही आणि तो वेचायला मजुरी मात्र जास्त लागते.

मग फवारणी वाया का जाते?

आता पुन्हा त्या कमेंटकडे येऊ. 'वेळेवर फवारणी.' पण वेळ कोणती?

अंडं लपलेलं. अळी बोंडात. कोष जमिनीत किंवा पाचोळ्यात. कीटकनाशकाला ती सापडू शकते ती फक्त अंड्यातून निघून बोंडात शिरेपर्यंत, म्हणजे अगदी थोडे तास. किंवा मग पतंग असताना, पण पतंग दिवसा लपलेला असतो. शिवाय सगळ्या माद्या एकाच रात्री अंडी घालत नाहीत. एकाच शेतात एकाच वेळी अंडी, अळ्या, कोष आणि पतंग असं सगळं असतं. साधारण महिनाभरात एक पिढी पूर्ण होते आणि एका हंगामात चार ते सहा पिढ्या होऊ शकतात.

अशा वेळी अळी दिसली म्हणून केलेली फवारणी म्हणजे चोर घरात शिरल्यावर फाटकाला कुलूप लावण्यासारखं आहे. एक फवारणी लागू पडत नाही म्हणून दुसरी होते, मग दोन औषधं एकत्र करून तिसरी.

याची किंमत काय असू शकते हे महाराष्ट्रानं २०१७ मध्ये पाहिलं. त्या वर्षी राज्यात गुलाबी बोंडअळीनं कापसाचं मोठं नुकसान केलं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याच्या वर गेलेल्या दाट कापसात, अंगावर पुरेसं संरक्षण नसताना, तासनतास फवारणी करणारी ही माणसं होती. त्यामागे कारणं अनेक होती आणि ती फवारणी एकट्या बोंडअळीसाठी नव्हती. पण कीड कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे न बघता औषध मारत राहणं किती महाग पडतं, याचं त्याहून वाईट उदाहरण नाही.

बीटी कापूस असताना हे झालं कसं?

बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. या कापसात एका जिवाणूचं जनुक असतं, त्यामुळे झाडच बोंडअळीसाठी विषारी प्रथिन तयार करतं. २००६ मध्ये दोन प्रथिनं असलेलं पुढचं वाण आलं. बघता बघता देशातल्या कापसाच्या ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी पोहोचलं.

इथे पतंगाच्या निवडीचा मुद्दा पुन्हा येतो. हे विष अळीनं खाल्लं तरच चालतं. मादी पतंग झाड खात नाही. झाड बीटी आहे की साधं, हा फरक गुलाबी बोंडअळीची मादी करत नाही, असं प्रयोगांमध्ये दिसलं आहे. ती दोन्हीवर सारखीच अंडी घालते.

याचाच फायदा घेऊन एक योजना आखली गेली होती. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं दिलं जायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं. काही माद्या तिथेही अंडी घालणार, तिथल्या अळ्या जगणार आणि त्यांचे विषाला बळी पडू शकणारे पतंग तयार होणार. बीटीवर चुकून वाचलेल्या मोजक्या दणकट पतंगांचं मिलन यांच्याशी झालं की पुढची पिढी पुन्हा बीटीला बळी पडणारी. याला म्हणतात आश्रय पीक.

कागदावर योजना उत्तम होती. प्रत्यक्षात दोन-तीन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याला सांगितलं जात होतं की, शेताचा काही भाग किडीला खायला दे. बहुतेकांनी ते छोटं पाकीट लावलंच नाही. यात शेतकऱ्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण त्याचं नुकसान आज होणार होतं आणि फायदा सगळ्यांना मिळून कधीतरी पुढे होणार होता. त्या नुकसानीची भरपाई कोणी देणार नव्हतं. पुढे बिगर-बीटी बियाणं मुख्य पाकिटातच मिसळून द्यायची पद्धत आली, पण तोवर उशीर झाला होता.

पहिल्या पिढीच्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे गुजरातमध्ये २००८ ते २०१० च्या दरम्यान समोर आलं. २०१४-१५ पर्यंत दोन प्रथिनांचं वाणही तिच्यापुढे कमी पडू लागलं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात जे झालं ते त्याचं पुढचं पान होतं. २०२१ मध्ये पंजाबच्या भटिंडा आणि मानसा जिल्ह्यांतही हीच अळी मोठ्या प्रमाणावर दिसली.

अंड्यांना जागा आपणच देतो का?

बीटीची भिंत पडल्यावर उरतं ते वेळेचं गणित. आणि इथे पतंगाची निवड सगळ्यात जास्त महत्त्वाची ठरते.

हंगाम संपत आला, थंडी पडली की अळ्यांचा एक भाग सुप्तावस्थेत जातो. सरकीत, न फुटलेल्या बोंडांत, जमिनीवरच्या कचऱ्यात त्या महिनोन्‌महिने पडून राहतात. उन्हाळा संपताना आणि पहिला पाऊस झाला की त्यातून पतंग बाहेर पडू लागतात. पतंगाचं आयुष्य काही दिवसांचं. तेवढ्यात मादीला पात्या असलेला कापूस सापडला नाही, तर अंडी घालूनही उपयोग नाही. पिल्लांना खायलाच काही नसतं. ती पिढी तिथेच संपते. हिला कापसाशिवाय चालत नाही, ही कमजोरी आपल्या कामाला येते ती अशी.

पण त्याच वेळी जवळच्या शेतात मे महिन्यात ठिबकवर लावलेला कापूस पात्यांवर आलेला असेल तर? मग पहिल्या माद्यांना आयती जागा मिळते. त्यांची पोरं पुढच्या महिन्यात जूनमध्ये पेरलेल्या सगळ्या शेतांवर उतरतात. म्हणूनच काही हंगामांत राज्याच्या कृषी विभागानं १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कापसाचं बियाणं विकू नये अशा सूचना दिल्या होत्या. अनेकांना ती नुसती सरकारी आडकाठी वाटली. तिच्यामागचं कारण पतंगाच्या अंड्यांत आहे.

दुसरं टोक फरदडीचं. डिसेंबरपर्यंत कापूस उपटायचा, असा सल्ला दरवर्षी दिला जातो. पण पाणी असलं की शेतकरी पीक ठेवतो, आणखी एक-दोन वेचण्या मिळतात. त्या काळात झाडावर उशिराची बोंडं धरत राहतात आणि पतंगांना अंडी घालायला जागा मिळत राहते. साखळी तुटतच नाही. भरीला पऱ्हाटीचे ढीग. सरपण म्हणून बांधावर रचलेल्या पऱ्हाटीला लटकलेली किडकी बोंडं म्हणजे पुढच्या हंगामाचं बियाणंच, फक्त ते किडीचं. जिनिंग मिल आणि सरकीचे साठेही तसेच.

मग शेतकरी हे का करतो? मे महिन्यात लावलेला कापूस लवकर हाती येतो आणि रब्बीचं पीक घेता येतं. फरदड ठेवली तर वेगळा खर्च न करता चार पैसे मिळतात, तेही लग्नसराईच्या आणि कर्ज फेडायच्या दिवसांत. पऱ्हाटी हे कित्येक घरांचं सरपण आहे. आणि बाजारात वर्षानुवर्षं विकली गेली ती बरीचशी लांब मुदतीची संकरित वाणं, जी सहा महिने आणि त्याहून जास्त शेतात उभी राहतात. कमी दिवसांत एकदम फुटणारा कापूस शेतकऱ्याला परवडेल असा मिळाला नाही, तर 'डिसेंबरमध्ये उपटा' हा सल्ला त्याच्या खिशातून पैसे काढण्यासारखा आहे.

यात आणखी एक गाठ आहे. पतंगाला बांध कळत नाही. एकट्यानं वेळेवर पेरून, वेळेवर उपटून भागत नाही. शेजारच्या शेतात फरदड उभी असेल तर माद्या तिथून येणारच. म्हणजे उपाय गावानं मिळून करायचा आहे आणि तोटा मात्र ज्याचा त्यानं सोसायचा आहे.

पतंगाला फसवता येतं का?

येतं. आणि जगात काही ठिकाणी हे मोठ्या प्रमाणावर केलं गेलं आहे.

टोमॅटोच्या शेतात झेंडूच्या ओळी तुम्ही पाहिल्या असतील. त्या हार-तुऱ्यांसाठीच असतात असं नाही. घाटेअळीच्या मादीला झेंडूची फुलं टोमॅटोपेक्षा जास्त आवडतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं यासाठी टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ अशी शिफारस केली. त्यात झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घ्यायचं, म्हणजे दोन्ही एकाच सुमाराला फुलतात. फुलं जुळली नाहीत तर मादी फसत नाही.

केनियात १९९० च्या दशकात मक्याच्या खोडकिडीसाठी याहून चलाख पद्धत तयार झाली. मक्याच्या कडेनं नेपिअर गवत लावतात, तेच जे आपल्याकडे दुभत्या जनावरांना चारा म्हणून असतं. खोडकिडीची मादी मक्यापेक्षा त्यावर जास्त अंडी घालते, पण गवताच्या चिकट रसामुळे बहुतेक अळ्या जगत नाहीत. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावतात, जिच्या वासानं मादी लांब जाते. आत ढकलणारा वास, बाहेर ओढणारा वास. वर आपण बोललो ती आईची चूक, ती इथे शेतकऱ्याच्या कामी आली.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत इतकं खात्रीचं सापळा पीक हाताशी नाही, कारण तिला कापूसच हवा असतो. म्हणून तिथे एक पायरी मागे जावं लागतं, अंडी घालण्याच्याही आधी.

मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, त्याचं रसायन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ओळखलं. शेतात लावलेल्या कामगंध सापळ्यांत तोच गंध असतो. पण एक गैरसमज इथे दूर करायला हवा. या सापळ्यांत फक्त नर येतात. एकरी दोन सापळे लावून अळी संपत नाही, कारण उरलेले नर अनेक माद्यांना पुरतात. हे सापळे म्हणजे धोक्याची घंटा. सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग आले, तर आसपास अंडी घातली जात आहेत असं समजून पावलं उचलायची.

हाच गंध जास्त प्रमाणात, छोट्या दोऱ्यांतून शेतभर पसरवला तर नर गोंधळतो, त्याला मादी सापडत नाही. मिलन नाही, तर अळी निघेल असं अंडंही नाही. भारतातही हे तंत्र वापरात आलं आहे. पण ते शेजारीपाजारी मिळून मोठ्या पट्ट्यात वापरलं तरच नीट चालतं. नाहीतर बाहेरच्या शेतात मिलन झालेली मादी उडत येते आणि तिला तुमच्या दोऱ्यांशी काही देणंघेणं नसतं.

अंडी शोधून संपवणारे मित्रही आहेत. ट्रायकोग्रामा गटातल्या बारीक गांधीलमाश्या किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालतात. त्यांची कार्डं शेतात लावली जातात. निंबोळी अर्काची फवारणीही सुरुवातीच्या काळात सुचवली जाते, कारण त्यामुळे माद्या अंडी घालायचं टाळतात.

अमेरिकेनं करून दाखवलं, आपल्याला का जमत नाही?

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं देशाच्या कापसातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी कापूस होता, सुरुवातीच्या वर्षांत आश्रय पीक नियमानं लावलं जात होतं, गंधाचा गोंधळ होता आणि विमानातून नपुंसक पतंग सोडले गेले होते. नपुंसक नराशी मिलन झालेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत.

त्यांची शेतं मोठी, शेतकरी कमी आणि कार्यक्रम सगळ्यांसाठी एकच. त्याचा खर्चही सरकार आणि शेतकऱ्यांनी मिळून उचलला. आपल्याकडे लाखो छोटी शेतं आहेत. त्यामुळे जसंच्या तसं इथे उचलता येणार नाही. पण त्यातला एक धडा घेता येतो. त्यांनी अळी दिसण्याची वाट पाहिली नाही. मिलन आणि अंडी या टप्प्यांवरच ताकद लावली, आणि ते काम एकेका शेतकऱ्यावर सोडलं नाही.

आपल्याकडे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोला, परभणीची कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं जवळपास हेच सांगत आली आहेत. वेळेवर पेरा, डोमकळ्या तोडून नष्ट करा, सापळे लावा, दर आठवड्याला एकरी २० हिरवी बोंडं फोडून बघा आणि त्यातली दोन किडलेली निघाली तरच फवारणी करा, डिसेंबरअखेर शेत रिकामं करा. सल्ला बरोबर आहे. तो पाळणं परवडावं यासाठी लागणाऱ्या गोष्टी मात्र सल्ल्यातून मिळत नाहीत. लवकर येणारं बियाणं, गावपातळीवर सापळे आणि दोऱ्यांसाठी पैसे, पऱ्हाटी विकत घेणारी किंवा तिचा भुगा करून देणारी यंत्रणा, आणि फरदड सोडणाऱ्याला रब्बीचा पर्याय या त्या गोष्टी.

त्यामुळे पुढच्या वेळी बोंड फोडणारा तो व्हिडिओ टाइमलाइनवर आला की तारीख बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल, तर त्या शेतातली पहिली अंडी बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच घातली गेली असतील, तीही कदाचित दुसऱ्याच्या शेतातून आलेल्या माद्यांनी. 'वेळेवर फवारणी का नाही केली' यापेक्षा विचारायला हवं ते हे: जूनमध्ये त्या गावात कापसाला पात्या आधीच आल्या होत्या का, आणि मागच्या जानेवारीत तिथली पऱ्हाटी कुठे होती?